निविदेची किंमत आणि कामाचे मोल

सार्वजनिक बांधकाम रखडले, खर्च फुगला वा बांधलेले लवकर ढासळले, की आपल्याकडे एक ठरावीक नाट्य सुरू होते. खाते कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार आराखडा करणाऱ्या सल्लागाराकडे, सल्लागार जमीन वेळेवर ताब्यात न आल्याकडे. विरोधक राजीनामा मागतात, सरकार चौकशी जाहीर करते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत प्रकरण लोकांच्या विस्मरणात जाते. यात दोषी माणसे नसतात असे नव्हे. परंतु माणसे बदलली, पक्ष बदलले, कंत्राटदार बदलले, तरी नाट्य तेच राहते, तेव्हा दोष केवळ पात्रांत नसून संहितेतच आहे असे मानणे भाग पडते. ही संहिता म्हणजे कंत्राट. त्याच्या अटींकडे एरवी कोणी फिरकत नाही. तो वकिलांचा आणि हिशेबनिसांचा विषय समजला जातो. वस्तुतः पूल किती वर्षे उभा राहील आणि रस्ता किती दिवसांत होईल, याचा निम्मा निकाल त्या कागदावर लागलेला असतो.

गोमंतकीयांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा त्याच्या उभारणीला दोन दशकेही पुरी झाली नव्हती. राजधानी पुन्हा फेरीबोटींच्या आधाराला आली आणि १९९२ साली नवा पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत लोकांनी जे हाल सोसले, ते आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणाही पणजीकराला आठवत असतील. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. चतुर्थीला गावी निघालेल्या किती कुटुंबांच्या रात्री त्या खड्ड्यांत गेल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आणि २०२३-२४ साली पणजी शहराचे रस्ते ज्या रीतीने एकाच वेळी खणून ठेवण्यात आले, मलनिःसारण, पाणी, वीज आणि रस्ता यांची कामे ज्या रीतीने एकमेकांच्या पायांत अडकली, त्यातून अखेर उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. प्रत्येक कामाचे कारण निराळे. तरीही एक सूत्र समान दिसते: काम अनेकांच्या हाती असते आणि ते पुरे व्हावे ही जबाबदारी मात्र त्यांच्यापैकी एकाचीही नसते.

प्रचलित पद्धतीचे स्वरूप पाहू. खाते आराखडा व परिमाणे तयार करते, निविदा मागवते आणि पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देते. दिसायला ही पद्धत निर्मळ आहे. कोणाची मर्जी नाही, कोणाचा वशिला नाही, आकडा बोलतो. जनतेच्या पैशाचे रक्षण करण्यासाठी ती आली आणि त्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु तिचा एक परिणाम असा, की कंत्राटदार काम मिळवण्यासाठी न परवडणारा दर भरतो आणि काम मिळाल्यानंतर जादा बाबी, बदललेली परिमाणे, उशिराची भरपाई यांतून तूट भरून काढण्याच्या मार्गाला लागतो. अभियंता हे जाणून असतो. म्हणून तो प्रत्येक मागणीकडे संशयाने पाहतो आणि लेखापरीक्षणाच्या भीतीने निर्णय वरच्या टेबलाकडे सरकवतो. कामाच्या जागेवर एक भिंत तडकत असली, तरी त्याविषयी आधी पत्र कोणी लिहायचे याचाच विचार दोन्ही बाजू करतात, कारण जो आधी लिहील तो पुढे लवादापुढे कोंडीत सापडेल. कंत्राटाच्या पहिल्या दिवसापासून दोन्ही पक्ष शेवटच्या दिवसाच्या दाव्याची तयारी करत असतात. अशा ठिकाणी सत्य लपवणे फायद्याचे ठरते.

जमिनीच्या वर जे दिसते त्याची किंमत आधी सांगता येते. जमिनीखाली जे आहे त्याची सांगता येत नाही. कोकणच्या मातीत तर हे पदोपदी प्रत्ययास येते. जांभ्याच्या कठीण थराखाली शाडूसारखी मऊ माती लागते आणि पाण्याचा झरा कुठे फुटेल याचा नेम नसतो. कोकण रेल्वेच्या उभारणीत पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांची जी कसोटी पाहिली, ती सर्वश्रुत आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यानंतरही ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी शिरून गाड्या थांबवाव्या लागल्या. ही अनिश्चितता कोणाच्याही माथी मारली तरी ती नाहीशी होत नाही. कंत्राटदाराच्या माथी मारली तर तो एकतर दर फुगवतो वा मध्येच बुडतो; बुडालेल्या कंत्राटदाराचे काम अखेर सरकारच्याच गळ्यात पडते.

या दुखण्यावर इतरत्र काय उपाय झाले, हे पाहण्याजोगे आहे. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली रेल्वेसाठी खणले जाणारे बोगदे कोसळले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पुढे न्यायालयाने कंत्राटदार आणि सल्लागार या दोहोंना दंडही केला. कायद्याने आपले काम केले; परंतु विमानतळाची मालक असलेल्या कंपनीने दरम्यान एक अनपेक्षित निर्णय घेतला. कज्जेदलाली करत बसण्याऐवजी तिने कंत्राटदाराला सोबत घेऊन, सर्व पक्षांची माणसे एका छपराखाली बसवून, काम पुढे नेले. गमावलेला बराचसा वेळ भरून निघाला आणि जून १९९८ मध्ये ती रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास, १९९४ साली, सर मायकेल लॅथम यांच्या अहवालाने ब्रिटनच्या बांधकाम व्यवसायातील भांडखोरपणावर नेमके बोट ठेवले होते. एकमेकांवर विश्वास ठेवून काम करणे हे कंत्राटाचे कलमच असले पाहिजे आणि अडचण दिसताच ती समोरच्याला कळवणे हे दोन्ही पक्षांचे बंधनकारक कर्तव्य असले पाहिजे, या दोन तत्त्वांवर तिथे कंत्राटाचे नवे नमुने रूढ झाले. पुढे हाँगकाँगच्या सरकारनेही ते आपल्या सार्वजनिक कामांसाठी स्वीकारले.

हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलच्या उभारणीत ही दृष्टी पूर्णत्वाला गेली. खर्च सुमारे ४३० कोटी पौंड. बांधकामाचा आरंभ २००२ साली. मालक कंपनीने त्यापूर्वीच्या मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की धोका कंत्राटदारावर ढकलल्याने तो टळत नाही, तो फक्त उशिरा कळतो. म्हणून तिने सगळा धोका स्वतःकडे घेतला. संपूर्ण प्रकल्पाचा विमा एकच. कंत्राटदाराला प्रत्यक्ष झालेला खर्च, त्यावर ठरलेला नफा आणि ठरलेल्या लक्ष्यापेक्षा बचत झाली तर त्या बचतीत वाटा. हिशेबाच्या वह्या उघड्या. चूक झाली तर ती कोणाची हे शोधण्याआधी ती दुरुस्त कशी करायची हा प्रश्न. टर्मिनलचे प्रचंड छत प्रत्यक्ष जागेवर चढवण्यापूर्वी त्याचा एक भाग दूर यॉर्कशायरमध्ये उभारून पाहिला गेला आणि तिथे सापडलेल्या अडचणी तिथेच सोडवल्या गेल्या. आपल्याकडच्या निविदेत अशा तालमीसाठी कोणती बाब धरता आली असती? सर्वांत कमी दर देणाऱ्याने तो खर्च कशासाठी केला असता? मार्च २००८ मध्ये, ठरलेल्या महिन्यात आणि ठरलेल्या खर्चात, टर्मिनल सुरू झाले.

येथेच एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी त्याच टर्मिनलमध्ये सामानाची व्यवस्था पार कोलमडली आणि पुढील दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. इमारत नीट उभी राहिली. ती वापरणाऱ्यांची तयारी अपुरी पडली. बांधणारे एकत्र आले म्हणजे सर्व काही साधले, असे नव्हे. दुसरे असे, की हीथ्रोची मालक खाजगी कंपनी होती. सरकारी खात्याला एवढे स्वातंत्र्य कोठून, अशी शंका वाचकांच्या मनात येईल.

तिचे उत्तर न्यूझीलंडने दिले आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ख्राइस्टचर्च शहरात १८५ माणसे दगावली आणि जमिनीखालचे नळ, गटारे व वरचे रस्ते उद्ध्वस्त झाले. नुकसान नेमके किती, हे खणल्याशिवाय कळणे अशक्य होते. मग निविदा कशाची मागवणार? केंद्र सरकार, महामार्ग खाते आणि नगरपालिका या तीन मालकांनी पाच कंत्राटदार कंपन्यांसह एकच संघटना उभी केली. पाचांचा नफा-तोटा एकमेकांशी बांधला होता. एकाचे काम बिघडले तर झळ सर्वांना. तरीही स्पर्धा संपवली नव्हती. ज्याने आधीचे काम चोख व काटकसरीने केले, त्याच्या वाट्याला पुढचे काम अधिक. आणि मुख्य म्हणजे गटार, पाणी व रस्ता यांचा क्रम एकाच टेबलावर ठरत असे. पणजीच्या नागरिकाने या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे पुन्हा, कायकोराजवळ, ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा महामार्ग आणि रेल्वे, दोन्ही दरडींखाली गाडले गेले. रस्त्याचे खाते वेगळे, रेल्वेचे महामंडळ वेगळे. पण दोघांनी चार कंत्राटदारांसह एकच संघ केला. सप्टेंबर २०१७ मध्ये मालगाड्या धावू लागल्या आणि १५ डिसेंबर २०१७ रोजी महामार्ग खुला झाला. आपल्या किनाऱ्याशी इतके साम्य असलेल्या भूमीतले हे उदाहरण आहे.

याच्या उलट चित्र स्कॉटलंडच्या एडिंबरा शहराचे. तिथल्या ट्रामच्या कंत्राटावर २००८ साली सह्या झाल्या. रस्त्याखालच्या नळवाहिन्या हलवण्याचे काम अपुरे, आराखडा अपुरा आणि बदलांचा भार कोणी सोसायचा यावर मालक व कंत्राटदार यांचे मतभेद. काम ठप्प झाले. २०११ साली मध्यस्थीने तडजोड झाली आणि मे २०१४ मध्ये, मूळ योजनेपेक्षा आखूड मार्गावर, ट्राम धावली. ५४ कोटी ५० लाख पौंडांच्या मर्यादेत व्हायचे काम ७७ कोटी ६० लाखांवर गेले. चौकशीचा अहवाल यायला २०२३ साल उजाडले. तेव्हा कंत्राटी भांडणाचा मक्ता केवळ भारतीयांकडे आहे, असे समजून स्वतःला हिणवण्याचे कारण नाही.

मात्र सहकार्याचे कंत्राट म्हणजे रामबाण नव्हे. ज्या ऑस्ट्रेलियाने ही पद्धत सार्वजनिक कामांत सर्वाधिक वापरली, तिथेच २००९ साली व्हिक्टोरिया राज्याच्या वित्त विभागाने केलेल्या तपासणीत असे दिसले, की कामे वेळेवर होत असली व भांडणे टळत असली, तरी प्रत्यक्ष खर्च मंजुरीच्या वेळी सांगितलेल्या अंदाजापेक्षा बराच जास्त होतो. कारण उघड होते. कंत्राटदार निवडताना किमतीची स्पर्धाच नव्हती; निवड झाल्यावर लक्ष्यकिंमत ठरायची आणि ती ठरवताना सर्वांनाच ती सैल हवी असायची. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत म्हणूनच किमतीची स्पर्धा हा सर्वसाधारण नियम केला गेला. हा धडा आपण विसरता कामा नये. मालकाला स्वतःच्या कामाची किंमत कळत नसेल, तर सहकार्याचे रूपांतर ‘तेरी भी चूप, मेरी भी चूप’ यात व्हायला वेळ लागत नाही. आपल्या राजकारणाचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही भीती काल्पनिक वाटणार नाही.

तथापि भीती खरी म्हणून आहे ते चालू द्यावे, असे ठरत नाही. सर्वांत कमी दराच्या पद्धतीने भ्रष्टाचार थांबला आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? तिने तो दरपत्रकातून काढून जादा बाबींच्या बिलांत नेला, एवढेच. हिशेबाच्या वह्या जिथे पहिल्या दिवसापासून मालकापुढे आणि स्वतंत्र तपासनीसापुढे उघड्या असतात, तिथे लपवायला जागा कमी उरते. मोहरबंद लिफाफ्यातील आकड्याने शुचिता सिद्ध होत नाही. ती खर्चाच्या प्रत्येक पावतीतून सिद्ध व्हावी लागते.

केंद्र सरकारलाही जुन्या पद्धतीचे दोष उमगले आहेत, असे दिसते. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वित्त मंत्रालयाने काढलेल्या सूचनांनुसार, सक्षम अधिकाऱ्याने गुणवत्ताप्रधान ठरवलेल्या कामांत दराशिवाय अन्य निकषांना ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. चालू बिलाच्या किमान ७५ टक्के रक्कम दहा कामाच्या दिवसांत द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. ३ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांत लवादाचे कलम सरसकट न घालता ते सामान्यतः १० कोटी रुपयांहून कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे आणि मोठ्या वादांत मध्यस्थीचा मार्ग पाहावा, असे सुचवले आहे. दिशा योग्य आहे; परंतु हे दोन्ही उपाय भांडणाच्या दोन टोकांना लावलेले आहेत. पहिला कंत्राटदार निवडताना, दुसरा वाद पेटल्यानंतर. मधली तीन-चार वर्षे, ज्या काळात काम बिघडते, ती मोकळीच राहिली आहेत.

खरे तर गोमंतकाला या विचाराचे नावीन्य वाटू नये. खाजन शेतीचे बांध येथे शतकानुशतके टिकले ते कोणा एका कंत्राटदाराच्या भरवशावर नव्हे. बांधाला भगदाड पडले, तर पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. म्हणून डागडुजीचा भार सर्वांवर आणि मानशीची देखरेख सर्वांच्या डोळ्यांसमोर, अशी गावकारीची रीत होती. भगदाड पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने हाक द्यायची. हाक देणाऱ्याला कोणी दोषी धरत नसे. पुढे ती व्यवस्था खिळखिळी झाली आणि बांध फुटू लागले, हेही आपण पाहिले. परदेशी करारनाम्यांत पूर्वसूचनेचे जे कलम आज विद्वत्तेने मांडले जाते, त्याचे मर्म आपल्या शेतकऱ्यांना केव्हाच उमगले होते.

म्हणून आमची सूचना माफक आहे. राज्य सरकारने सगळी कामे एका रात्रीत नव्या पद्धतीने काढावीत, असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. ठरावीक रस्त्याचे डांबरीकरण वा शाळेची इमारत यांना जुनी निविदाच बरी. तिथे अनिश्चितता नाही. परंतु ज्या कामात जमिनीखालचे काही ठाऊक नाही आणि एकाहून अधिक खात्यांचा संबंध येतो, असे एक मध्यम आकाराचे काम निवडावे. एखाद्या जुन्या शहराच्या गटारांचे, नळांचे व रस्त्याचे एकत्रित नूतनीकरण यासाठी योग्य ठरेल. त्यात वीज, पाणी आणि बांधकाम या खात्यांच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे पूर्ण अधिकार देऊन एकाच कार्यालयात बसवावे. कंत्राटदाराला आराखड्याच्या टप्प्यावरच सोबत घ्यावे, पण नफ्याचे प्रमाण व दर यांवर स्पर्धा ठेवूनच. लक्ष्यकिंमत कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने पडताळावी. बचत व तोटा दोघांनी वाटून घ्यावा. धोक्याची सूचना वेळेवर देणाऱ्याला संरक्षण आणि दडवणाऱ्याला दंड, हे कलम स्पष्ट असावे. दर तीन महिन्यांचा खर्च विधानसभेपुढे ठेवावा. आणि सद्हेतूने, कारणे नोंदवून निर्णय घेणाऱ्या अभियंत्यामागे सरकारने खंबीरपणे उभे राहावे. कारण ज्याला सहीची धास्ती वाटते, तो सहकार्य करू शकत नाही.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे. सहकार्य करणारा मालक हा जाणता मालक असावा लागतो. हीथ्रोच्या मालकांना आणि न्यूझीलंडच्या खात्यांना आपल्या कामाची जाण होती, म्हणून त्यांना विश्वास टाकता आला. आपल्या बांधकाम खात्याने आराखडे, देखरेख व तपासणी ही तिन्ही कामे एकामागून एक सल्लागारांकडे सोपवली, तर विश्वास कोणी कोणावर टाकायचा? अभियंत्यांना पुन्हा कामाच्या जागेवर उभे करणे, त्यांना शिकवणे आणि त्यांचे ऐकणे, ही या सुधारणेची पहिली पायरी आहे. मांडवी-झुवारीवर आज नवे, देखणे पूल उभे आहेत. ते आणखी शंभर वर्षे उभे राहावेत, अशीच सर्वांची इच्छा आहे. ती पुरी व्हायची, तर पुलाच्या एखाद्या खांबाला पडलेली पहिली बारीक चीर ज्याच्या नजरेस पडेल, त्याने ती त्याच दिवशी, निर्भयपणे, मोठ्याने सांगितली पाहिजे. त्याला ती सांगावीशी वाटेल असे कंत्राट लिहिणे, ही शासनाची जबाबदारी आहे.